बोरीच्या वाटेवरचा शुक्रवार

बेसा चौकातून निघा. पायात पावसाळी चपला असू द्या, कारण पुढे डांबर लागणार नाही. मोबाइल खिशातच राहू द्या. थोड्या वेळाने त्याला एकही टॉवर सापडणार नाही, तेव्हा घाबरू नका.

डोक्यात रविवारचा उपदेश अजून घोळतो आहे. पाळकांनी कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय घेतला होता. रोजचं काम माणसांना खूश करण्यासाठी नसतं, ते प्रभूला वाहिलेलं असतं, असा पौलाचा तिथला रोख. मंडळीने माना डोलावल्या, तुम्हीही डोलावलीत. पण मागच्या बाकावर बसून मनात सोमवार मोजत होतात. मिहानमधलं गोदाम, आलेल्या मालाची यादी, गेलेल्या मालाची यादी, आणि दोन्ही जुळेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. या याद्यांत देवाचा कोणता हेतू आहे, हे पाळकांना विचारायचं होतं. उपासनेनंतरच्या चहात ते राहून गेलं.

उपदेशात एक गोष्ट आली नाही, ती इथेच सांगून टाकतो. पौल तो मजकूर दासांना उद्देशून लिहितो. विकत घेतलेल्या, पगार नसलेल्या, नोकरी सोडायची सोय नसलेल्या माणसांना. म्हणून ते वचन चौकटीत बसवून एखाद्या साहेबाच्या केबिनमध्ये टांगलेलं दिसलं की मला अवघडल्यासारखं होतं. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायाची सुरुवात मालकांना न्यायाने वागण्याची ताकीद देऊन होते. ती चौकट मी अजून कुठल्या केबिनमध्ये पाहिलेली नाही.

असो. चालायला लागा. बेलतरोडी ओलांडून चिंचभुवनाच्या बाजूला, वर्धा रोडच्या दिशेने.

पहिल्या फर्लांगात ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाट्या जातात. मग ले-आउटचे दगड जातात, फ्लॅट स्कीमच्या जाळ्या जातात, मेट्रोचे खांब एकेक करून खाली बसतात. विमानतळाची भिंत विरते. नागपूर-वर्धा लोहमार्गापाशी थोडं थांबा. खडी दिसते, मग फक्त आखलेली रेघ दिसते, मग तीही नाही. मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचेल १८६७ मध्ये. तुम्ही त्याच्या चार वर्षं आधी आला आहात. पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात गेलेत. दोन्ही हातांना ज्वारी, तूर, कपाशी. कपाशीकडे यंदा शेतकरी जरा जास्तच प्रेमाने बघतो आहे. समुद्रापलीकडे अमेरिकेत यादवी चालू आहे, तिकडचा कापूस अडकला आहे, आणि हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आहे.

तारीख ४ सप्टेंबर १८६३. श्रावणातला शुक्रवार. वाटेतल्या घरांत बायाबापड्यांनी जिवतीची पूजा मांडली आहे, लेकरांच्या आयुष्यासाठी. पोळा आठवड्यावर आला आहे.

इथे पावलाला जरा जपा. या भागात काळ निसरडा आहे, जोर जास्त लागला तर माणूस फार खोल जातो. तुम्ही गेलातच. चिखल नाहीसा झाला, समोर उथळ तळं आहे. मागे लाव्ह्याचा एक थर थंड होऊन काळा पडला आहे, पुढचा थर यायला अवकाश आहे. दोन लाव्ह्यांच्या मधल्या निवांत काळात पाऊस साठून हे तळं झालं. पाण्यात बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी, काठावर अनोळखी झाडांची पडलेली फळं. माणूस नाही, माणसासारखं काही यायलाही सहा कोटींच्या आसपास वर्षं आहेत. कुणाला कसलाही रिपोर्ट द्यायचा नाही. गोगलगायी आपापलं खाणं खातात आणि मरून चिखलात बसतात. सीताबर्डीच्या टेकडीत आणि टाकळीच्या बाजूला या तळ्यांचा चिखल दगड होऊन सापडतो. तो दगड उचलून बघणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक आज तुम्हाला भेटणार आहे. वर या.

टाकळघाट. बोरीजवळचं गाव. बोरी म्हणजे आपलं बुटीबोरी, पण एमआयडीसीची चिमणी नसलेलं. बोरीला रिचर्ड टेंपलचा मुक्काम पडला आहे. मध्य प्रांत नावाचा प्रांत होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत, आणि त्याचा कारभार हा माणूस हाकतो. तंबू, घोडे, शिपाई, खानसामे, सगळा लवाजमा. ही साहेबमंडळी टाकळघाटला आली ती शिलावर्तुळं बघायला. शेतांत काळ्या दगडांची मोठमोठी रिंगणं आहेत, कुणी, कधी, कशाला रचली ते गावाला ठाऊक नाही. साहेबलोक त्यांना ‘सिथियन’ म्हणतात, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या कुणा टोळ्यांची. चुकीचं आहे, पण त्या काळच्या विद्वानांना तसं वाटायचं.

या मंडळीत एक पादरी आहे. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडातल्या डन्स गावचा, गवंडीकाम करणाऱ्या घरातला. दगडाकडे बघायची नजर त्याला कदाचित घरातूनच मिळाली असावी. फ्री चर्चने धाडलेला हा माणूस बायको इरॅस्माला घेऊन १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला आला, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. पुढच्याच वर्षी त्याने शहरात शाळा काढली. मराठी शिकला. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, कंपनी आली, मग कंपनी जाऊन राणी आली. हा तिथेच. चार दिवसांनी, ८ तारखेला, त्याला सेहेचाळीस पूर्ण होतील.

आजच्या मंडळीत या रिंगणांबद्दल सर्वांत जास्त कळतं ते त्यालाच. उत्तम दिवस आहे त्याचा. प्रांताचा सर्वोच्च अधिकारी सोबत, विषय आवडीचा, आणि संध्याकाळी तंबूत जेवताना याच दगडांवर गप्पा रंगणार.

ऊन कलतं. टेंपल आणि बाकीचे बोरीकडे घोडे वळवतात. हिस्लॉप मागे राहतो. गावातल्या शाळेची परीक्षा घ्यायची आहे.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओलांडून पुढे गेलो होतो. तुम्ही ओलांडू नका, कारण तुम्हाला इथे काम आहे. पंतोजींनी तुम्हाला हेरलंच. कुठले, कोणाचे, हे विचारायला त्यांना सवड नाही.

“अहो, उभे काय राह्यले? ते तरट अंथरा. पोट्टे चिखलाचे पाय घेऊन बसून राह्यले. पादरीसाहेब येऊन राह्यले तिकडून.”

तुम्ही तरट अंथरता. एक टोक दुमडतं, ते सरळ करता. मुलांना उंचीप्रमाणे बसवता. मागच्या दोघांची मारामारी सोडवता. एकाची पाटी फुटली आहे, त्याला शेजाऱ्याची देता. बस्स, १८६३ सालातलं तुमचं काम एवढंच.

मग तो येतो, बसतो, आणि सुरू होतं. त्या काळी गावशाळेत जे असायचं तेच. पाढे, पावकी, निमकी, दिडकी. मोडीत लिहिलेला कागद वाचून दाखवायचा. एवढ्या पायल्या ज्वारी, अमुक भाव, तर रुपये किती. एक मुलगा सतराच्या पाढ्यात सातव्या पायरीवर अडकतो आणि पंतोजींचा चेहरा पडतो. एक पोरगं इतक्या जोरात म्हणतं की बाहेरची गाय मान वळवते. इथे पाषाणयुग नाही, सिथियन नाहीत, लंडनच्या भूगर्भ सोसायटीकडे पाठवावं असं काही नाही. सतरा सत्ते एकोणीसाशे. म्हणजे एकशे एकोणीस.

मला कुतूहल आहे ते याच तासाचं. हिस्लॉपचं नाव एव्हाना खनिजाला लागलं होतं. हिस्लोपाइट नावाचा हिरवट कॅल्साइट, १८५९ मध्ये नोंदला गेलेला, नागपूरच्या टाकळीचाच. गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म जिवाच्या वंशाला ‘हिस्लोपिया’ म्हणतात, ते आदल्याच वर्षी. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला लेख लंडनच्या सोसायटीच्या त्रैमासिकात छापला गेला. हे सगळं झालं कधी, तर उपदेशाला, शाळा बघायला गावोगाव जाताना. विहीर खणलेली दिसली की उतरून थर बघायचे, खाणीच्या तोंडाशी थांबायचं, खिसे भरून न्यायचे. आजच्या एखाद्या मंडळीने आपल्या पाळकाला असं करताना पाहिलं असतं तर वार्षिक सभेत प्रश्न आला असता, की प्रवासभत्ता दगडांसाठी देतो का आपण?

आणि ज्या कामासाठी तो आला, त्याचं काय? अठरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक थोडेच. त्याच्या शाळेत शिकायला पोरं यायची, ती इंग्रजी शिकून नोकरीला लागायची, देव आपापलाच ठेवायची. मिशनच्या खतावणीत ही बाजू लंगडी दिसते. मग त्याच्या आयुष्याला अर्थ कशाने, दगडांनी की आत्म्यांनी? प्रश्न असा मांडला की तो आपोआप दोन भागांत तुटतो. देवाचं काम एकीकडे, पोटाचं किंवा हौसेचं दुसरीकडे. रविवार एकीकडे, याद्या दुसरीकडे. टाकळघाटच्या तरटावर बसलेल्या या माणसाकडे बघून तरी ही तोड दिसत नाही. दुपारी दगड, संध्याकाळी पाढे. दोन्हीकडे लक्ष सारखंच. टेंपलच्या तंबूतल्या दगडांवरच्या गप्पा सोडून तो पाढ्यांसाठी थांबला. यात त्याने काही मोठा त्याग केला असं त्याला वाटलं असेल, हे मला पटत नाही. परीक्षा घ्यायची होती, म्हणून घेतली.

एक बाजू मात्र झाकायला नको. या शाळेमागे धर्मांतराची आशा होती, आणि त्या आशेमागे साम्राज्याची सावली होती. साहेबलोक ज्या रिंगणांत हौसेने डोकावत होते त्या कुणाच्या तरी पूर्वजांच्या समाध्या आहेत, आणि परवानगी विचारण्याचा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता. देवाचा हेतू या भूमीवर पादरी आल्यावर सुरू झाला, असं मानणारा ख्रिस्ती मी नाही. तळ्यातल्या गोगलगायींना आणि रिंगणं रचणाऱ्यांना तो आधीपासून ठाऊक असणार, आपापल्या परीने.

परीक्षा संपली. मुलं उठली, तरट तुम्ही झटकून गुंडाळलंत. अंधारून आलं आहे. कृष्णपक्ष आहे, चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवेल. वर कुठेतरी पाऊस झाला असावा, हवेत ओल्या मातीचा वास आहे. हिस्लॉप घोड्यावर बसतो, एकटाच. टाकळघाट आणि बोरी यांच्यामध्ये ओढा आहे.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. तुम्ही धावत जाऊन लगाम धरता.

“साहेब, नाल्याला पूर असेल. रात्रभर थांबा इथंच.”

तो ऐकून घेतो. अठरा वर्षं या मुलखातले नाले तो घोड्यावरून ओलांडत आला आहे, पावसाळ्यात तर आठवड्यातून कितीदा. त्याच्या दृष्टीने हा रोजचाच रस्ता आहे. लगाम तुमच्या हातातून सुटतो.

बोरीच्या तंबूत ताटं मांडली आहेत. घोडा येतो. खोगीर रिकामं. मग आरडाओरडा, मशाली, माणसं ओढ्याकडे धावतात. प्रेत सापडतं.

या मरणात देवाचा काय हेतू होता, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांच्यापासून मी जरा लांब बसतो. अपघात होता. पाणी वाढलं होतं. एवढंच खरं आहे, आणि इरॅस्मासाठी तर बाकी सगळं पोकळच असणार. पण हेतूबद्दल बोलताना आपण नेहमी शेवटाकडे बघतो, कसा गेला, का गेला. तुम्ही बघितलं ते त्याच्या आधीच्या तासाकडे. तो तास शेवटचा आहे हे बसणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि तरी त्याने पाढा मध्येच तोडला नाही.

पुढे सरका. १८६६, नागपूर. छापखान्याची खोली, शाईचा उग्र वास. हिस्लॉपच्या घरात कागदांची बाडं सापडली होती, मध्य प्रांतातल्या आदिवासींवरची टिपणं, अर्धवट, कुठे नुसत्या शब्दांच्या याद्या. टेंपलने ती हातात घेतली आणि नीट लावून, टिपा जोडून, नागपुरातच छापली. तुम्हाला इथे फर्मे दुमडायचं काम आहे. नखाने घडी दाबायची, पुढचा कागद, नखाने घडी. दुमडता दुमडता डोळा ओळींवर जातो. गोंडी भाषा रोमन अक्षरांत, ओळीखाली इंग्रजी अर्थ. लिंगो देवाची लांबच लांब गाथा, गोंडांना कुणी मुक्त केलं, गोत्रं कशी पडली. ही गाथा प्रधान गातात, तोच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. ज्या प्रधानाच्या तोंडून ही उतरवून घेतली त्याचं नाव मुखपृष्ठावर नाही. तिथे हिस्लॉपचं आहे, टेंपलचं आहे. जुळारीचं नाही, तुमचं तर नाहीच. हे मला खटकतं आणि खटकायलाच हवं. ‘देव बघतो आहे’ असं म्हणून माणसांनी माणसांचं श्रेय खाल्लेलं खपवून घेऊ नये. पण हेही दिसतं की ज्या मिशनऱ्याला गोंडांना येशूची कथा सांगायची होती, त्याच्याच हातून लिंगोची कथा कागदावर आली. त्याने बेत आखला होता तो वेगळाच. पुढे गोंडांचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही हे पुस्तक चुकवता आलं नाही.

१८८३ वर फार थांबू नका. त्याच्या नावाचं कॉलेज निघालं, आजही आहे, तुमच्यातल्या कुणी तिथूनच पदवी घेतली असेल.

१९६८-६९ चा हंगाम मात्र बघण्यासारखा. पुन्हा टाकळघाट, आता थंडीचे दिवस. नागपूर विद्यापीठाचे शां. भा. देव इथे आणि शेजारच्या खाप्याला उत्खनन करताहेत. खाप्याला समाध्यांची रिंगणं, टाकळघाटला ती रचणाऱ्यांची वस्ती. सिथियनांची गोष्ट आता मागे पडते. ही माणसं इथेच राहत होती, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी, त्यांना लोखंड गाळता येत होतं. पुढे पारशिवनीकडे नायकुंडला त्यांची लोखंडाची भट्टीच सापडेल. विदर्भातल्या या समाध्यांतून माणसांबरोबर पुरलेल्या घोड्यांची हाडं निघाली आहेत, लोखंडी लगाम निघाले आहेत, घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने निघाले आहेत. कुणीतरी ते पत्रे ठोकून ठोकून पातळ केले होते, कडेला नक्षी काढली होती. आणि मग ते मातीत पुरून टाकले. काम करणाऱ्याला ते पुरलं जाणार हे बहुधा माहीत होतं, तरी नक्षीत त्याने हयगय केलेली नाही. त्याचा प्रभू कोण होता, हे मला ठाऊक नाही. पौलाने त्याला पत्र लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, याचा विचार मी अधूनमधून करतो.

तुम्हाला खंदकाच्या कडेला बसवलं आहे. मजूर बाई टोपल्यातली माती चाळणीवर ओततात, हलवतात, वर राहिलेलं तुमच्यापुढे येतं. काळी-तांबडी खापरं. बाहेरून तांबडं, कड आणि आतली बाजू काळी. ती ब्रशने झाडायची, कापडी पिशवीत घालायची, चिठ्ठी लिहायची. स्थळ, खंदक, थर, खोली, तारीख. एका यादीत नोंद, दुसऱ्या यादीत नोंद, आणि दोन्ही जुळल्या पाहिजेत. चिठ्ठी चुकली की खापराला किंमत नाही. मग ते अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे की कालच्या मडक्याचं, कुणाला सांगता येणार?

देखरेखीवरचा विद्यार्थी येतो. त्याने तुमच्या पिशव्या उलटसुलट केल्या आहेत.

“ही कोणी लिहिली? थर तीन, आणि खोली पहिल्या थराची? कुठून काढलं हे?”

तुम्ही गप्प. बाईंना विचारता. त्या म्हणतात, “मी त्या कोपऱ्यातून काढलं ना जी, सांगितलं होतं मी तुमाले.” विद्यार्थी टेप घेऊन खंदकात उतरतो, कोपऱ्यात मोजतो, वरून आकडा ओरडून सांगतो. तुम्ही जुनी चिठ्ठी फाडून नवी लिहायला घेता, तोवर चाळणीवर पुढची टोपली रिकामी झाली आहे आणि बाई तुमच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत.

“लवकर लिहा जी. दुपारची सुट्टी व्हायच्या आत अजून चार टोपले हायेत.”